टोपीखालची तोंडं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. नसरीन, तुला आणि तुझ्या अम्मीला वेगळा नमस्कार. तुमच्या घरी फातिहा झाली, मी येऊन बसून गेले, तिथे मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही. इथेही अवघड जाणार आहे, म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. तोंडी बोलायला लागले तर जास्त बोलेन, आणि काही शब्द या व्यासपीठावर शोभणार नाहीत.

मला दोन मिनिटं दिली आहेत. मी दोन मिनिटांत बसणार नाही हे आधीच सांगते. ज्यांना मालेगाव-वाशीम गाडी धरायची आहे त्यांनी खुशाल जावं. बाकीच्यांनी खुर्च्या सरकवू नका.

हे लिहायला मला एका गोणीने भाग पाडलं.

नसरीनचे अब्बा, आपले सत्तारभाई, मागच्या शुक्रवारी गेले. दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. शनिवारी दफन झालं. मंगळवारी सकाळी मी बँकेत निघाले होते, तर आपल्या शाळेच्या फाटकाशी भंगाराचा हातगाडा उभा होता आणि गाड्याखाली एक तागाची गोणी. गोणीला आंबट वास येत होता. हा वास मला पाठ आहे. या शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी या वासाच्या कपाटाशेजारी. जुनी फिल्म म्हातारी होते तेव्हा तिला असा व्हिनेगरसारखा वास सुटतो. मी गोणी उघडली. आत फिल्मची अकरा रिळं होती. डबे नव्हते. डबे पत्र्याचे, त्यांची किंमत होते म्हणून ते वेगळे काढले होते.

गुरुजनहो, मंगळवारी गोणी फाटकाशी होती, आणि आज गुरुवारी त्या माणसाच्या फोटोला हार आहे. हार मोठा आहे. चांगला आहे. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की मधल्या बुधवारी तुम्हाला काय आठवलं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या शाळेचे पहिले मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव मोठे सर म्हणायचं, त्यांच्याकडे चावीचा सिनेमा कॅमेरा होता. घड्याळासारखी चावी भरायची, कॅमेरा अर्धा मिनिट चालायचा. त्यावर त्यांनी शाळेची इमारत बांधताना झालेलं श्रमदान टिपलं. किन्हीराजा गावचे लोक दगड घेऊन आले ते टिपलं. इंझोरीचे लोक बैलगाड्यांतून वाळू घेऊन आले ते टिपलं. आज ज्या छताखाली तुम्ही पंखे लावून बसला आहात ते छत कोणी डोक्यावर वाहून आणलं ते त्या अकरा रिळांत आहे. आणि ही फिल्म अशी की जी कॅमेऱ्यात जाते तीच धुऊन पडद्यावर दाखवतात. तिची दुसरी प्रत नाही. कुठेच नाही.

शाळेच्या मेळाव्यासाठी ती फिल्म टीव्हीवर दाखवायचं ठरलं, तेव्हा आधी आपण काय केलं? मोठ्या शहरातल्या एका दुकानात एक रीळ पाठवलं. त्या दुकानाने भिंतीवर फिल्म दाखवली आणि समोर कॅमेरा धरून भिंतीचं शूटिंग केलं. बस. परत आलं ते आपण याच हॉलमध्ये पाहिलं. चित्र लुकलुकत होतं, वरून खाली काळा पट्टा सरकत होता, चारही कोपरे कापलेले. आणि माणसं? माणसं टुणटुण उड्या मारत दगड वाहत होती. सगळा हॉल हसला. मीही हसले. खोटं कशाला बोलू?

मागच्या रांगेत एक माणूस हसला नाही. टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा. टीव्हीची वायर नीट बसत नव्हती म्हणून त्याला बोलावलं होतं, चहा पण विचारला नव्हता. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, हे लोकं का सर्कशीतले होते काय? यायले असं काहून नाचवून राह्यले तुमी?"

मी म्हटलं, "फिल्म जुनी आहे, सत्तारभाई."

"फिल्लम जुनी हाय, मानसं तं जुनी नाई ना. मानसं चालतच होते तवा."

तिथून हे सुरू झालं. कोणी ठराव केला नव्हता. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी शाळेचा बंद पडलेला प्रोजेक्टर नेला. त्याचा दिवा काढून साधा एलईडी लावला, मोटर इतकी सावकाश केली की एकेक चित्र समोर येऊन थांबेल, आणि समोर कॅमेरा बसवला. एक चित्र, एक फोटो. भिंत नाही, पडदा नाही. थेट फिल्मवरून. लुकलुक गेली, काळा पट्टा गेला. मला वाटलं, झालं काम.

दोन दिवसांनी ते माझ्या दारात उभे. चपला काढल्या नाहीत, आत आले नाहीत. हातात पाकीट. आत फिल्मचा तुकडा, बोटभर, तीन चित्रांचा, कडेची भोकं फाटलेली.

"बाई, तीन चित्रं मेले माह्या हातानं."

झालं असं होतं की फिल्म वर्षानुवर्षं सुकून आखडते. भोकांमधलं अंतर कमी होतं. भोकात अडकून फिल्म पुढे ओढणारं प्रोजेक्टरचं जे नख असतं, त्याचं माप मात्र जुनंच. नख भोकात जाण्याऐवजी भोकाच्या कडेवर पडलं आणि फाडत गेलं. मी म्हटलं, "तीन चित्रं म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. कोणाला कळणारही नाही."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी बी.एस्सी. झालेली बाई, मला माझ्याच वाक्याची लाज वाटली.

पाकीट मी ठेवून घेतलं. ते पंधरा दिवस आले नाहीत. मग एक दिवस रस्त्यात, मोटारसायकल चालू ठेवून ओरडले, "बाई, टेपरेकॉर्डरच्या फितीले भोकं असतात काय?"

"नसतात."

"तरी चालते ना!"

आणि निघून गेले.

समजलं का तुम्हाला? मला समजायला घरी जाऊन बसावं लागलं. टेपची फीत गुळगुळीत लोखंडी दांडा आणि रबरी चाक यांच्यामध्ये धरली जाते आणि सरकते. तिला कोणी नखाने ओढत नाही. आयुष्यभर ज्या वस्तू उघडून बसवल्या त्यातून त्या माणसाला हे सुचलं. त्यांनी नख काढलं, दात्यांचं चाक काढलं, जुन्या टेपरेकॉर्डरची रबरी चाकं लावली. आता फिल्म थांबायचीच नाही, अलगद सरकत राहायची. प्रत्येक चित्र कॅमेऱ्यासमोर आलं की दिवा क्षणभर चमकायचा, डोळा मिचकावण्यापेक्षाही कमी, आणि तेवढ्यात फोटो. चित्र समोर आलंय हे यंत्राला कसं कळायचं? कडेच्या भोकातून प्रकाश आरपार गेला की. भोक दिसलं, दिवा लागला, फोटो निघाला. आखडलेली फिल्म असो, वाकडी असो, ओढाताण नाही.

आणि मग यंत्र आंधळं झालं. ते मी केलं.

हे मी आज सगळ्यांसमोर सांगते आहे, कारण रागावायचं असेल तर स्वतःपासून सुरुवात करावी असं मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या वस्तूंची पूजा मीच करायचे. तराजू, सूक्ष्मदर्शक, प्रोजेक्टर आणि ही रिळं. आमच्या घरची रीत अशी की डब्याची पूजा करायची नाही, आतल्या वस्तूची करायची. म्हणून मी दरवर्षी डबे उघडायचे आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट प्रत्येक रिळाच्या कडेला लावायचे. वर हळद, अक्षता. दरवर्षी. त्या तेलाने ते कुंकू आत झिरपलं आणि भोकाभोकांत वाळून बसलं.

सत्तारभाईंनी मला दुकानात बोलावलं. फिल्म उजेडात धरली. कडेने लाल भोकं, ओळीने.

"बाई, फिल्लमचं लगन लावलं व्हय तुमी?"

मला राग आला. मी म्हटलं, "दसऱ्याला मी सोनं देते, ती आपट्याची पानं तुम्ही गल्ल्यावर ठेवता की नाही?"

"ठेवतो ना. पन टीव्हीच्या आत नाई टाकत."

नसरीन काउंटरमागे होती, ती इतकी हसली की तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. मी हसले नाही. मला हसू नंतर आलं, घरी.

वाळलेलं कुंकू खरवडता येईना, फिल्म तडकत होती. वरवरचं त्यांनी कापसाने टिपलं. भोकांतलं तसंच राहिलं. पाच भोकांपैकी एक यंत्राला दिसायचं नाही आणि चित्रं निसटायची. मी सुचवलं, जाऊ द्या, निसटू द्या. ते म्हणाले, "एकदा निसटू दिलं ना बाई, मंग आपल्याले सवय लागते."

तो उपाय त्यांनी कुठे शोधला? टीव्हीच्या रिमोटमध्ये. रिमोटच्या तोंडाशी जो बारीक दिवा असतो त्याचा प्रकाश लाल रंगाच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. हे मी वर्गात शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून. त्यातला प्रश्न परीक्षेत विचारला होता. पण त्या प्रकाशाला कुंकवाचा लाल अडत नाही, तो आरपार जातो, हे शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने एका जुन्या रिमोटचं पोट फाडून मला दाखवलं. यंत्राला पुन्हा दिसू लागलं. कुंकू तिथेच होतं. यंत्रापुरतं ते नव्हतं.

मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगायला मी आलेले नाही. पुढचं ऐका, कारण मुद्दा पुढे आहे.

किन्हीराजाच्या वच्छलाबाई इथे आल्या आहेत. त्या पुढच्या रांगेत बसलेल्या नाहीत, त्यांना कोणी बसवलं नाही, त्या दाराशी बसल्या आहेत. वच्छलाबाईंचे वडील दगड वाहणाऱ्यांत होते. त्यांचा एकही फोटो घरात नाही. पहिल्या, उड्या मारणाऱ्या चित्रात त्यांना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हा माहा बाप नाई. माहा बाप असा टनाटन नव्हता चालत."

सत्तारभाई त्यांना दुकानात घेऊन आले, संगणकासमोर स्टूल दिलं. चावीच्या कॅमेऱ्याची गंमत अशी की चावी उतरत आली की तो हळू चालतो, सेकंदाला कमी चित्रं घेतो, आणि मग दाखवताना माणसं जास्त पळतात. म्हणून एका रिळाला एक वेग लावून भागत नाही. कोणत्या जागी किती, हे कोण सांगणार? पुस्तकात नाही. सत्तारभाई म्हणाले, "ज्यानं चाल पाह्यली थो सांगन."

वच्छलाबाई सांगत होत्या, नसरीन वेग कमी करत होती.

"हळू. आनखी हळू. थांब, लय झालं, आता मुंगी झाला थो. हां... हां. आता चालून राह्यला. डावा पाय मागं राह्यते त्याचा. राह्यला पाहा!"

मग वच्छलाबाईंनी पडद्याजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "पन याचं तोंड कुठं हाय?"

तोंड नव्हतं. पांढरं धोतर होतं, पांढरी टोपी होती, टोपीखाली काळा डाग. वैशाखाचं ऊन, उन्हात रापलेली माणसं. कॅमेऱ्याने टोपी घेतली, तोंड सोडलं. मी म्हटलं, फिल्ममध्येच नसेल. सत्तारभाई म्हणाले, "हाय. अंधारात बसून हाय. त्याले उजेड नाई भेटला."

तिसऱ्या महिन्यात तोंड मिळालं. एकच फिल्म तीनदा यंत्रातून काढायची. पहिल्या खेपेला कमी उजेड, धोतर आणि टोपीसाठी. दुसऱ्या खेपेला मध्यम. तिसऱ्या खेपेला भरपूर उजेड, फिल्मच्या काळ्या भागातून आरपार जाईल इतका. मग तिन्ही चित्रं नसरीन एकावर एक बसवायची. तीन वेळा तंतोतंत त्याच जागी फोटो निघाला तरच ती जुळतात, आणि तो निघत होता, कारण भोकं नीट दिसत होती. टोपीखाली कपाळ आलं. भुवया आल्या. दाढीचे खुंट आले. वच्छलाबाईंना बोलावलं. त्यांनी पदर नीट केला, वडिलांसमोर करतात तसा.

अकरापैकी सात रिळं अशी तीनदा झाली. चार राहिली. त्या चार रिळांत इंझोरीचे लोक आहेत. त्यांच्या टोप्या दिसतात. तोंडं नाहीत.

आता ऐका, त्या चार रिळांचं काय झालं.

शाळेला मेळाव्यासाठी पेनड्राइव्ह हवा होता. सत्तारभाईंनी सात रिळांचं तयार आणि चारांचं पहिल्या खेपेचं घालून दिला, सांगून दिला की ही चार कच्ची आहेत. मेळावा झाला, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात शाळेने सगळी रिळं परत मागवली. कपाटात ठेवायची म्हणून. त्यांनी अकराच्या अकरा परत केली, सही घेतली, पोच माझ्याकडे ठेवली. मग ते चार रिळं मागायला आले. एकदा नाही, चार वेळा. बाहेरच्या बाकावर बसले. चौथ्या वेळी मी सोबत होते, म्हणून हे ऐकीव नाही. उत्तर असं मिळालं: "सगळं पेनड्राइव्हमध्ये आहे ना? मग आता त्या सडक्या फितीचं काय करायचं? तुम्ही टीव्ही दुरुस्त करा, इतिहास आम्ही पाहतो."

हे कोण बोललं ते मी सांगत नाही. बोलणारा इथेच आहे, फोटोला त्यानेही हार घातलेला आहे.

सत्तारभाई तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब, पयल्या खेपेले टोपी दिसली. तवाच फिल्लम फेकली असती, तं तोंड कुठून आनलं असतं? उद्या माह्यापेक्षा हुशार मानूस येईन, त्याची मशीन आनखी काही काढन. त्याच्यासाठी तं ठेवा."

परतताना मी चिडून बरंच बोलले. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. कपाटात तं हाय ना. कपाटात असली म्हंजे हाय."

कपाटात असली म्हणजे आहे. या विश्वासावर तो माणूस गेला. आणि चौथ्या दिवशी कपाट रिकामं करून तुम्ही गोणी फाटकाशी ठेवली. श्रद्धांजलीच्या भाषणात आता माझ्या आधी दोन वक्ते म्हणाले की सत्तारभाईंनी शाळेचा इतिहास अमर केला. कोणत्या तोंडाने म्हणालात? ज्या तोंडावर उजेड पडलेला आहे त्याच ना?

मंगळवारी मी त्या गोणीवर बसले. शब्दशः बसले, रस्त्यात. साडीला अजून तो वास आहे. भंगारवाला म्हणाला, "उठा ना बाई, लोकं पाहून राह्यले." मी म्हटलं, पाहू दे. तो म्हणाला, "तुमच्या घरचं काही लोखंड असन तं द्या, अन् हे घेऊन जा. मले याचं काय लोनचं घालाचं?" माझ्या अंगणात जुना लोखंडी पलंग होता. तो त्याने नेला. रिळं मी रिक्षात घातली. तेव्हा, संस्थेच्या मंडळींनो, ही आता शाळेची मालमत्ता आहे असं कोणी म्हणू नये. तुम्ही ती टाकली. टाकलेली वस्तू मी उचलली, आणि आज जिच्या हातात जायला हवी तिच्या हातात देते आहे.

नसरीन, पुढे ये. वहीत सही करायची आहे. घाबरू नकोस, तू वडिलांच्या बरोबरीने हे यंत्र चालवलंस, तीन चित्रं एकावर एक तूच बसवलीस, आणि फोटोखालच्या त्या फलकावर तुझं नाव नाही हेही मी वाचलं आहे. इंझोरीच्या लोकांना तोंडं द्यायची आहेत. हे काम राहिलेलं आहे. मी मदतीला येईन. फिल्मला हात लावणार नाही, बाजूला बसेन.

आता उभे राहा. सगळे. व्यासपीठावरचेही. फोटोकडे पाहायची गरज नाही, समोरच्या भिंतीकडे पाहा, तिचे दगड कोणी आणले ते आठवा. एक मिनिट कोणी काही बोलू नका. मिनिट संपलं की मी यादी वाचेन, तीही उभ्यानेच ऐका.

...

सत्तारभाई, सलाम. तुमचं सामान पोचवते आहे.

आज गुरुवारी, शाळेच्या सभागृहात, जमलेल्या सर्वांसमक्ष, नसरीन सत्तार यांच्या ताब्यात दिलेल्या वस्तू अशा:

फिल्मची रिळं, अकरा. पैकी सात तीन खेपा झालेली, चार एकच खेप झालेली. चारांवर पांढरा दोरा बांधला आहे.

रिळांसाठी डबे, अकरा. शाळेचे नव्हेत, माझ्या घरचे फराळाचे. झाकणांना हवेसाठी भोकं पाडली आहेत.

मोठ्या सरांच्या हस्ताक्षरातली रिळांची यादी, एक पान.

सत्तारभाईंनी रिळं परत केल्याची शाळेच्या सहीची पोच, एक.

पाकीट एक. आत फाटलेला तुकडा, तीन चित्रं. तिन्हीत एकच माणूस, डोक्यावर दगड, तोंड अजून दिसत नाही.

देणार, मी. घेणार, नसरीन. साक्षीदार, वच्छलाबाई, मुक्काम किन्हीराजा. त्यांनी अंगठा दिला नाही, सही केली आहे.

सोबत हळद, कुंकू, अक्षता दिलेल्या नाहीत.